आमची वाटचाल (मधल्या चार वर्षांसकट)

नवीन पार्टी, म्हणजे काम देणारी कंपनी, व्हेंडर फॉर्मबरोबर कंपनी प्रोफाइल मागते. पुतण्यानं अर्ध्या पानात लिहून दिलं, स्थापना २००४, क्वालिटी हेच आमचं ब्रीद वगैरे, आणि २०१९ वरनं डायरेक्ट २०२३. म्हणलं मधली चार वर्षं कुठं गेली रे? तर म्हणतो, काका ते कशाला लिहायचं. म्हणून मीच बसलोय लिहायला.

२००४ ला कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या शेडचा अर्धा भाग घेतला आणि साडेसहा फुटी सेकंडहँड लेथ टाकली, राजकोटची. बेड चकाजवळ घासलेला, त्यामुळं लांब जॉबला टेपर यायचाच, म्हणजे एक टोक जाड एक बारीक, तो ओळखून शेवटच्या कटाला हात कुठं हलका करायचा हे मला झोपेत पण जमायचं. आजकालची पोरं ऑफसेट मारतात स्क्रीनवर, त्यांना विचारा बेडचा घास म्हणजे काय. पहिली पार्टी म्हणजे आण्णा, इस्लामपूरकडं शेतीपंपाचे सुटे भाग करायचे. स्कूटरला पोतं बांधून बारा बेअरिंग हाऊसिंग घेऊन आले, बोअर, म्हणजे आतलं भोक, मी फिनिश केला, आण्णांनी खिशातनं बेअरिंग काढलं, अंगठ्यानं दाबलं, ते गप्पकन बसलं. "पैसे शनिवारी," म्हणाले आणि शनिवारी दिले. पुढं पंधरा वर्षं आण्णांचा शनिवार कधी रविवारवर गेला नाही.

नंतर सीएनसी आली, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ, माणसं नऊ झाली, घर बांधलं. बरी वर्षं होती.

२०१७ ला व्हीएमसी घेतली, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन, बँकेकडनं ३४ लाख. एका मोठ्या पार्टीचं ब्रॅकेटचं काम मिळालं होतं, दर महिना एवढा माल की दोन शिफ्ट लागतील. पीओवर, म्हणजे ऑर्डरच्या कागदावर, पेमेंट ४५ दिवस लिहिलेलं, प्रत्यक्षात १२० च्या खाली एकदाही आलं नाही. आता तुम्ही म्हणाल ४५ दिवसांचा कायदा आहे की, आहे ना, २००६ चा एमएसएमई कायदा, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं, २०१७ ला तक्रारीसाठी समाधान पोर्टलपण आलं. पण तिथं तक्रार टाकली की दुसऱ्या दिवशी आपलं काम शेजारच्या शेडमध्ये, हे लाईनीतल्या कुणालाही विचारा. आणि ब्लो होलचं, म्हणजे ओतकामात आत राहिलेल्या पोकळ्यांचं, तर काय सांगू. कास्टिंग त्यांचंच, मशिनिंगचे सगळे पैसे घालून शेवटच्या होलला भोकं उघडी पडली की डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातनं कापणी, आमच्या नावावर, कास्टिंगच्या किंमतीसकट!

शेजारचा शेड म्हणलो तो उगाच नाही. हा माणूस माझ्याकडंच ऑपरेटर होता, मीच त्याला डायल लावून जॉब सेंटर करायला शिकवलं. ११ रुपयांचं ऑपरेशन त्यानं साडेआठला घेतलं. साडेआठमध्ये इन्सर्टचा, म्हणजे कापायच्या टिपांचा, खर्च तरी निघतो का? निघत नाही, पण त्याला फक्त मला बाहेर काढायचं होतं.

२०१९ ला गाड्यांची मंदी आली, शेड्यूल निम्म्यावर. ऑगस्टमध्ये महापूर. शेडमध्ये पाणी आलं नाही पण शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली, माल तयार, गाडी निघेना. त्या महिन्यापासून हप्ता तटला. ९० दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत, मग बँकेची ६० दिवसांची नोटीस. इकडं टूलवाले, पतसंस्था, हातउसने मिळून २७ लाख वेगळेच. फर्म प्रोप्रायटरी, म्हणजे फर्मचं कर्ज ते माझंच कर्ज, घरातला फॅनसुद्धा त्यात आला.

वकीलसाहेब म्हणाले नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज टाकू. मला वाटलं ते पिक्चरमध्ये असतं. तर नाही, २०१६ चा जो नवीन दिवाळखोरी कायदा आहे त्यातला माणसांचा भाग फक्त कंपन्यांना जामीन राहिलेल्यांना लागू झालाय, आमच्यासारख्या मालकीच्या फर्मला मुंबई-कोलकाता-चेन्नईच्या बाहेर अजून १९२० चाच कायदा. इंग्रजांच्या काळातला! ५०० रुपये देणं असलं तरी अर्ज करता येतो म्हणे. मी म्हणलं साहेब, माझे ५०० पेक्षा जरा जास्त आहेत. ते हसले, मी पण हसलो, आणि बाहेर गाडीत बसून रडलो.

जानेवारी २०२० ला कसबा बावड्याच्या कोर्टात अर्ज टाकला. ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांची यादी द्यावी लागते, एक नाव लपवलं तरी अंगलट येतं. त्यात आण्णांचे ४० हजार ॲडव्हान्स होते. आण्णा म्हणाले, "माझं नाव काढ रे त्यातनं." म्हणलं आण्णा, काढता येत नाही. तर म्हणाले, "बरं, मग मी काय कोर्टात येत नाही मागायला." आणि खरंच आले नाहीत.

मार्चमध्ये लॉकडाऊन, कोर्ट बंद. रिझर्व्ह बँकेनं हप्त्यांना सवलत दिली, पण ती एनपीए न झालेल्या खात्यांना, आमचं आधीच एनपीए. व्हीएमसी तारण होती, आणि तारणवाल्या बँकेला नादारी आडवी येत नाही, हे नीट समजून घ्या, लोकांना वाटतं नादारी काढली की सगळंच थांबतं. मशीन लिलावात गेली. घेतली कुणी? शेजारच्या शेडवाल्यानं. क्रेन आली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडं चहाच्या गाड्यावर उभा होतो. पन्नास पावलं तर न्यायची होती.

२०२१ ला नादार ठरलो, राजपत्रात नाव आलं. कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरचा माणूस घरी यादी करायला आला, टीव्ही, कपाट, मिक्सर. बायको गळ्यावर हात ठेवून उभी. तो म्हणाला, "वहिनी, मंगळसूत्र यात येत नाही." भांडी नाहीत, अंथरूण नाही, आणि कारागिराची हत्यारं नाहीत, दिवाणी प्रक्रिया संहितेचं (सीपीसी) कलम ६० आहे त्याला. मग त्यानं माझी लाकडी पेटी उघडली. शून्य ते पंचवीसचा मिटुटोयो मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल, दोन बोअर गेज. हे काय, म्हणाला. म्हणलं साहेब, माझी हत्यारं. त्यानं मायक्रोमीटर उचलला, थिंबल फिरवून बघितलं, रॅचेटचा टिकटिक आवाज आला, परत जागेवर ठेवला आणि झाकण लावलं. ती पेटी घेऊन मी दुसऱ्या दिवशी आण्णांच्या शेडमध्ये पगारावर लागलो. दोन वर्षं, रोज एसटीनं.

त्या दोन वर्षांत उधारीचं फार जपायला लागतं. नादार माणसानं आपण नादार आहे हे न सांगता ५० रुपये जरी उधार घेतले तरी सहा महिन्यांपर्यंत जेल आहे. आकडा १९२० चाच, पण कायदा जिवंत आहे. किराणावाल्याला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मालक, मी तुम्हाला असंही उधार देत नव्हतो."

२०२३ ला डिस्चार्ज मिळाला, म्हणजे कोर्टानं देण्यातनं मोकळं केलं. जीएसटीचं देणं यातनं सुटत नाही, ते आजही हप्त्यानं भरतोय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जामीनदार सुटत नाही. मी सुटलो, पतसंस्थेला जामीन राहिलेला मेहुणा अडकला, त्याच्या पगारातनं कापत होते. तो कधी एक शब्द बोलला नाही, पण दिवाळीला आला नाही. विचारलं नसलं तरी सांगतो, काही झालं तरी सासरचा माणूस जामीन घेऊ नका.

मग सिबिल. वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, काढला, स्कोअर ५१८. त्यात एक खातं, ज्यातनं कोर्टानं मोकळं केलेलं, तिथं बाकी तशीच, वर महिन्याला थकीतचा शिक्का. डिस्चार्जची नक्कल लावून तक्रार टाकली. ३० दिवसांत दुरुस्त नाही केलं तर दिवसाला १०० रुपये द्यावे लागतात, हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून आहे, मी तो लिहून पाठवला तेव्हा हाललं. "स्कोअर वाढवून देतो, १५ हजार द्या" म्हणणारे पाच जण भेटले, त्यांना हाकला. जुना डाग कुणी पुसत नाही, बरीच वर्षं राहतो, आपण फक्त त्याच्यावर नवीन कोट मारायचे. मी २५ हजारांची एफडी ठेवून त्याच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं, २० हजार लिमिट. महिन्याला पाच-सहा हजाराचे इन्सर्ट घ्यायचे, बिल यायच्या आधीच भरायचं. चार बँकांत एकदम अर्ज टाकत फिरायचं नाही, प्रत्येक चौकशी दिसते. दीड वर्षात ६९० झाला, आत्ता ७३१ आहे. गेल्या वर्षी सेकंडहँड सीएनसीला चार लाखाचं कर्ज मंजूर झालं. मॅनेजरनं कागद पुढं सरकवला तर माझी सही दोनदा चुकली.

आण्णांच्या ४० हजारातले ३४ फिटलेत, जॉबवर्कमधनं वळते करतोय. ते म्हणतात कोर्टानं माफ केलंय की, मी म्हणतो कोर्टानं केलंय.

शेड परत शिरोलीतच आहे, जुन्या जागेपासून तिसरा. व्हीएमसीचा स्पिंडल चालू झाला की मला इथं ऐकू येतो, बेअरिंग गेलंय त्याचं, वरच्या आरपीएमला शिट्टी वाजते, त्या शेजारच्या शेडवाल्याला अजून कळलेलं नाही. गेल्या मंगळवारी त्याचा पोरगा आला, काका, आमचा मायक्रोमीटर पडला, अर्ध्या तासासाठी तुमचा द्या, इन्स्पेक्शनवाले बसलेत. पोरगा गुणी आहे, त्याच्यावर राग नाही.

दिला नाही.