रात्रपाळीचे काका

मंगळवारपासून एकच गोष्ट डोक्यात बसलीय, लिहून काढल्याशिवाय जाणार नाही असं दिसतंय. पोलिसांना बोलवायला 112 ला फोन मी लावला. कुणी सांगितलं नव्हतं, विचारही केला नव्हता, हात आपोआप गेला. आणि सरकार हवं की नको यावर ज्याच्याशी माझा कायम वाद चालतो त्या निल्याला कळल्यावर तो निदान चिडवेल तरी असं वाटलं होतं, तर तो नुसतं म्हणाला, "बरं केलंस." भांडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. या दोन शब्दांना काय उत्तर देणार?

झालं एवढंच होतं की शेजारच्या टॉवरची गाडी आमच्या गेटला आडवी लावलेली, आमच्या रात्रपाळीच्या वॉचमन काकांनी काढायला सांगितली, त्या टॉवरचे दोन गार्ड आले, बोलाबोली झाली आणि एकाने काकांच्या कानाखाली वाजवली. मी शेवटच्या लोकलने आलेले, छत्री मिटत होते. साठीचा माणूस पडलेली टोपी शोधत होता. पोलीस आले, दहाच मिनिटं थांबले, सगळे गप्प झाले.

निल्या आणि मी किती वर्षं सरकार किती असावं यावर बोलतोय. तो म्हणतो पोलीस, कोर्ट, सैन्य एवढं सरकार पाहिजेच, बाकी सगळं लोकांवर सोडा. मी म्हणते तेवढंही नको, संरक्षणही बाजारात मिळू शकतं. मोलिनारी या अर्थशास्त्रज्ञाने 1849 मध्येच हे मांडलं होतं, आणि तेव्हा त्याच्या स्वतःच्या वर्तुळातल्या लोकांनी, मुक्त बाजाराचा पुरस्कर्ता बास्तियानेसुद्धा, मानलं नाही. मग शंभरेक वर्षांनी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉथबार्डने तेच पुढे नेलं, की संरक्षण विकणाऱ्या दोन खाजगी एजन्सींच्या गिऱ्हाइकांचं भांडण झालं तर त्या मारामारी करणार नाहीत कारण मारामारी महाग पडते, त्या लवाद नेमतील. मला हे पटायचं ते पुस्तकातून नाही, झवेरी बाजारातल्या आंगडियांमुळे, म्हणजे पैसे आणि दागिने पोचवणाऱ्या खाजगी कुरियरवाल्यांमुळे. लाखोंचा माल, हातात एक चिठ्ठी, कोर्टाची पायरी न चढता पोचतो. सरकारशिवाय विश्वास चालतो हे मी लहानपणापासून बघितलंय.

पण लहानपणी दुकानात दर महिन्याला यायची ती दोन पोरंही बघितलीत. संरक्षणाचेच पैसे न्यायची. बाबांचं ते प्रकरण आज नको.

तर मंगळवारी दोन एजन्सी समोरासमोर होत्या. अगदी पुस्तकातल्यासारख्या. आणि मला लवाद आठवला नाही, आमच्या एजन्सीचा नंबर आठवला नाही, 112 आठवला. मी स्वतःला समजावलं की हा खरा मोकळा बाजार नाहीच, एजन्सीला लायसन्स 2005 च्या कायद्याखाली सरकारच देतं, मग दोष बाजाराचा कसा? मुद्दा बरोबर आहे. पण त्या रात्री मला मुद्द्याची गरज नव्हती, काकांना कुणाची तरी गरज होती.

कारण करार आमचा होता. पैसे सोसायटी भरते, एजन्सी सोसायटीला राखते, आमच्या गाड्या राखते, मला राखते. काका कुणाचेच गिऱ्हाईक नाहीत. बारा तास आम्हाला राखणारा माणूस कुठल्याच करारात राखला जाणारा नाही, हे एवढी वर्षं वाचून माझ्या लक्षात कसं आलं नाही? मोठमोठ्याने वाद घातले मी, लोकांना गप्प केलं, आणि रोज रात्री ज्यांना "काका, झोपलात का" म्हणून हाक मारते ते माझ्या एकाही युक्तिवादात नव्हते. दोन दिवस नुसती रडवेली होते, वाटत होतं सगळं वाचन पाण्यात गेलं.

काल नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाचं पुस्तक पुन्हा उघडलं. निल्याचा आवडता म्हणून मी 1974 चं ते पुस्तक कायम घाईत वाचलेलं. त्यात तो दोन राज्यं वेगळी करतो, एक जे बळाची मक्तेदारी घेतं पण संरक्षण फक्त पैसे भरणाऱ्यांना देतं, आणि दुसरं जे सगळ्यांना देतं. तो म्हणतो पहिल्यावरच थांबणं नैतिकदृष्ट्या चालणार नाही. आधी मला ही मागच्या दाराने आणलेली करवसुली वाटायची. आता त्या पानावर टोपी दिसते. आणि गंमत म्हणजे या किमान राज्याला नावच रात्रीच्या पहारेकऱ्याचं आहे, जर्मन समाजवादी लासालने 1862 मध्ये हिणवायला दिलं होतं ते.

मग मी निल्याच्या बाजूला गेले का? नाही गेले. कारण पुढचं निल्याला अजून सांगितलेलं नाही. बुधवारी सकाळी एजन्सीचा सुपरवायझर आला आणि म्हणाला, कटकट नको, माणूस बदलून देतो. कमिटीने हो म्हटलं. गिऱ्हाईक खूश. काकांनी मला गेटवर विचारलं, "ताई, पोलिसांना कशाला बोलावलंत?" रागाने नाही, खरंच कळून घ्यायचं होतं त्यांना. रविवारपासून भांडुपला ड्यूटी, जायला यायला तीन तास. पोलिसांनी मारामारी थांबवली, नोकरी वाचवणं त्यांचं काम नव्हतं. एजन्सीने करार पाळला. दोघांनीही आपापलं काम चोख केलं.

सरकार कमीत कमी असावं म्हणणाऱ्या अमेरिकेतल्या लिबर्टेरियन पार्टीने त्याच 1974 साली डॅलसमध्ये ठरवलं होतं की राज्य असावं की नसावं हे जाहीरनाम्यात लिहायचंच नाही, म्हणजे दोन्हीकडचे एकत्र राहतील. मला तो पळपुटेपणा वाटायचा. आता वाटतं, लोकांना एकमेकांची गरज असेल. मी अशीच अर्धवट राहीन काही दिवस, चालेल.

सेक्रेटरींना पत्र लिहून ठेवलंय, की पुढच्या करारात एक कलम घाला, गार्डचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याला बदलायचं नाही, आणि ड्यूटीवर मार बसला तर औषधपाणी आणि बुडालेला पगार एजन्सी आणि सोसायटी मिळून देतील. सही करायला निल्याला सांगणार होते, पण तो आमच्या सोसायटीत राहत नाही. आज शनिवार, काकांची शेवटची रात्र. खाली जाऊन त्यांना वाचून दाखवते, कलम त्यांच्याबद्दल आहे तर आधी त्यांना विचारायला हवं.