कुस्त्या, दुपारी ४ वाजता

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत शेवटची ओळ कधी बदलली नाही. 'कुस्त्या, दुपारी ४ वाजता, आंब्याखालचा हौदा.' हौदा म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा. बाकी नाच, नाटुकली, फनी गेम्स मागेपुढे व्हायचे. मी १९९१ साली पाचवीत गेलो तेव्हा ती ओळ होती आणि दहावीत शाळा सुटली तेव्हाही होती.

देवगड तालुक्यातलं खाडीकाठचं आमचं गाव. इथली पोरं चालायला लागली की कबड्डी खेळतात. कुस्ती म्हणजे घाटावरची गोष्ट. ती आमच्याकडे आणली पी.टी.च्या सरांनी. फोंडा घाट उतरून ते एसटीने आले ते पत्र्याची ट्रंक आणि लाकडी मुद्गलांची जोडी घेऊन. सगळं गाव त्यांना 'सर' म्हणायचं, हौद्यात उतरणारी आम्ही पोरं तेवढी 'वस्ताद'.

हौदा करणं हेच मोठं काम होतं. आमची माती तांबडी, पण जांभ्याची; मुठीत घेतली की खडे टोचतात. ती आम्ही वाळूच्या चाळणीतून तीन-तीनदा चाळायचो. मग घरोघरचं ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि वरून कापूर. ताक घालायचं म्हटल्यावर आमची आजी चकित झाली होती. वाटेने जाणारे एक आजोबा तर थांबून म्हणाले, "सरांनू, पोरांका मातयेत कित्याक लोळवतास?" सर हसले. "आजोबा, लोळायला आधी शिकवतोय. उभं राहायचं मागनं."

आणि खरंच, पहिले दोन महिने डाव नाहीच. जोर, बैठका, मानेवर पूल, कुदळीने हौदा खणणं. पाठीवर कसं पडायचं, हनुवटी छातीशी कशी धरायची. "मान आत घे रं पोरा, मान!" हे वाक्य मला आजही ओल्या पायऱ्यांवरून उतरताना ऐकू येतं. मग डाव. एक पाय धरून पाडायचा एकेरी पट, दोन्ही पाय धरायचा दुहेरी पट, ढाक. पट शिकल्यावर आमच्या कबड्डीच्या पकडी अशा बसायला लागल्या, की कुस्तीवर नाक मुरडणारे पालकही गप्प झाले. पावसाचे चार महिने हौद्यावर झापांचा मांडव असायचा. तरी ओल यायचीच. तेव्हा पेंढ्याच्या गाद्यांवर ताडपत्री ताणून सराव चालायचा. तीच आमची मॅट. खुराकाला बदाम कुठले? नाचणीची आंबील, ओलं खोबरं आणि बांगडा. सर स्वतः आले तेव्हा मासे खात नव्हते. दोन वर्षांत काटे काढण्यात ते आमच्याइतके तरबेज झाले.

संमेलनाच्या दिवशी सकाळी रेशन दुकानातल्या काट्यावर वजनं व्हायची. जोडी लावताना सर कोणाचं ऐकत नसत. सरपंचांचा मुलगा असो की रापणीचं जाळं ओढणाऱ्या रापणकराचा, वजन आणि तयारी जुळली तरच जोड. हलगी आमच्याकडे नव्हती. शिमग्याला ढोल वाजवणाऱ्या काकांना सरांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारून कुस्तीचा ताल शिकवला होता. तो ढोल घुमायला लागला की बायका पाटाच्या कडेने येऊन उभ्या राहायच्या, सुट्टीला आलेले चाकरमानी आंब्याच्या फांदीवर चढायचे. डिसेंबरात त्याच फांद्यांवर मोहर धरलेला असायचा. मोहर, कापूर आणि ताक लावलेली माती, तिन्ही वास एकत्र यायचे. बक्षीस एकच, नारळ. जिंकलेल्याने तो तिथंच फोडायचा आणि हरलेल्यासोबत हौद्याच्या काठावर बसून खायचा. हा सरांचा नियम होता.

पहिल्या सलामीआधी सर पाच मिनिटं बोलायचे, आणि दरवर्षी खाशाबा जाधवांचंच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेला. तोवर तो मॅटवर खेळलेलाच नव्हता, तरी सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैशांची वानवा. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आम्हाला बैलगाड्या आवडायच्या. सर मात्र घर गहाण ठेवल्यापाशी थांबायचे आणि थोडा वेळ काही बोलायचे नाहीत.

त्याचं कारण मला आठवीत कळलं. त्या वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून कोल्हापूरहून सरांचे जुने जोडीदार आले होते. त्यांनी माईकवरून सांगितलं, की तुमचे सर कॉलेजात सलग तीन वर्षं आपल्या वजनगटात विद्यापीठात पहिले होते. त्यांचे वडील शेतमजूर. खुराकाचा महिन्याचा खर्च कॉलेजचे एक शिक्षक आपल्या पगारातून द्यायचे. पुढे गुडघा गेला आणि मैदान सुटलं. आम्ही थक्क. गावात आल्यापासूनच्या सहा-सात वर्षांत सरांनी यातला एक शब्दही सांगितला नव्हता. मी सरांकडे पाहिलं, तर ते खाली वाकून पाचवीतल्या एका पोराचा सुटलेला लंगोट नीट बांधत होते.

त्याच संमेलनात माझ्या वर्गातल्या रापणकराच्या मुलाने ढाकेवर चितपट कुस्ती काढली. पाहुण्यांनी त्याला कोल्हापूरच्या तालमीत न्यायचं ठरवलं. राहायची सोय होती, दूध-तुपाची नव्हती. पुढली चार वर्षं दर महिन्याला आमच्या पोस्टातून एक मनीऑर्डर कोल्हापूरला जायची. पोस्टमन माझे मामा. पाठवणाऱ्याचं नाव त्यांनी सर निवृत्त होईपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मला याचं फार कौतुक वाटतं, मामांचंही.

तो मुलगा मोठा मल्ल झाला नाही. जिल्ह्याकडून खेळला, मग क्रीडाशिक्षक झाला आणि आता आमच्याच शाळेत आहे. हौदा त्याने पुन्हा खणला. मागच्या पावसाळ्यात मांडव कोसळला, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी पत्रे घातले. मुली उतरायला लागल्या आहेत. मॅटही आली आहे, खरी मॅट. तरी संमेलनाच्या दिवशी कुस्त्या मातीतच.

सर आता राधानगरीकडे, आपल्या गावी असतात. गुडघ्यामुळे घाट उतरणं जमत नाही, तरी या वर्षी येतो म्हणालेत. काल माझ्या त्या वर्गमित्राचा, रापणकराच्या मुलाचा, फोन आला होता, माती चाळून झाली म्हणून. ताक या वेळी आमच्या घरचं.