नेट लागलेली सर्व्हिस: स्प्रिंगफील्ड ते होल्योक

स्प्रिंगफील्डहून होल्योकला जाणाऱ्या गाड्या दिवसातून मोजक्याच, आणि मी आधीची गाडी डोळ्यांदेखत चुकवली होती. "मामा, मी सोडते ना गाडीने," भाची म्हणाली. पण मला रेल्वेच हवी होती. आदल्या रात्री नकाशा चाळताना एक गंमत सापडली होती: व्हॉलीबॉलच्या जन्माशी ज्यांचा संबंध आहे ती तिन्ही गावं याच रुळांवर एकामागोमाग येतात. स्प्रिंगफील्ड, चिकोपी आणि होल्योक. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला हा सगळा मिळून जेमतेम पाव तासाचा प्रवास. पुढची गाडी येईपर्यंत फलाटावर दीड तास बसलो, त्याचंही काही वाटलं नाही.

मी कॉलेजच्या संघात बूस्टर होतो. उंची बेताची, त्यामुळे स्मॅश मारायचं भाग्य कधी नव्हतंच. दुसऱ्याच्या हाताला चेंडू जुळवून द्यायचा आणि टाळ्या त्याला मिळताना बघायच्या. त्यामुळे हा खेळ कुणी, का काढला याची उत्सुकता मनात कुठेतरी राहून गेली होती.

स्प्रिंगफील्ड हे बास्केटबॉलचं गाव. 1891 च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी इथल्या वायएमसीए या तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत तो खेळ सुरू केला. गावात बास्केटबॉलचं भलंमोठं संग्रहालय आहे, त्याचा चंदेरी घुमट हमरस्त्यावरूनही नजरेत भरतो. याच संस्थेत शिकून विल्यम मॉर्गन नावाचा तरुण 1895 मध्ये होल्योकच्या वायएमसीएत व्यायामशिक्षक म्हणून रुजू झाला. वय पंचवीस. हाताखाली संध्याकाळी व्यायामाला येणारे मध्यमवयीन व्यापारी आणि नोकरदार. बास्केटबॉल तोवर तरुणांनी डोक्यावर घेतला होता, पण त्यातली धावपळ आणि धक्काबुक्की या मंडळींना झेपेना. मॉर्गनना हवा होता अंगाला अंग न लावता खेळता येईल असा खेळ. आज सहा फुटी माणसं हवेत झेपावून जो खेळ खेळतात, तो मुळात पोट सुटलेल्या गृहस्थांसाठी काढला होता, हे मला फार आवडलं. वयाचा परिणाम असेल.

चिकोपी आलं आणि गेलंही. खिडकीतून विटांच्या जुन्या इमारती दिसल्या, एवढंच. पण व्हॉलीबॉलच्या गोष्टीत या गावाला मोठा मान आहे. मॉर्गननी आधी बास्केटबॉलच्या आतला रबरी ब्लॅडर घेऊन पाहिला. तो फार हलका, हवेत रेंगाळायचा. मग अख्खा बास्केटबॉल घेतला. तो मनगटं मोडायचा. शेवटी चिकोपीजवळच्या स्पाल्डिंग कंपनीच्या कारखान्यात नवा चेंडू बनवून घेतला. आत रबरी ब्लॅडर, वरून चामडं, घेर 25 ते 27 इंच, वजन 9 ते 12 औंस. आजच्या चेंडूचं माप आहे 65 ते 67 सेंटिमीटर घेर आणि 260 ते 280 ग्रॅम वजन. हिशेब करून पाहा, दोन्ही मापं त्या पहिल्या चेंडूच्या मर्यादेतच बसतात. जाळी उंच झाली, मैदान वाढलं, गुण मोजायची रीत बदलली, पण चेंडू जवळपास तोच राहिला.

चिकोपी मागे पडल्यावर गाडी लोखंडी पुलावरून कनेक्टिकट नदी ओलांडते. त्यापुढे होल्योक. स्टेशन म्हणजे नुसता एक फलाट. बाहेर पडलं की ड्वाइट स्ट्रीट लागतो, आणि त्याच रस्त्याने चढ चढत गेलं की संग्रहालय. वाटेत कालवा आडवा येतो. नदीचं पाणी वळवून त्यावर गिरण्या चालवायच्या म्हणून हे गाव वसवलेलं. एके काळी इथे इतका कागद तयार व्हायचा की 'पेपर सिटी' हेच गावाचं टोपणनाव पडलं. आता बऱ्याच गिरण्या थंड आहेत. कालव्याचं पाणी मात्र काळंशार, संथ, विटांच्या भिंतींची सावली घेऊन उभं. मी कठड्याला टेकून बराच वेळ ते बघत बसलो.

'इंटरनॅशनल व्हॉलीबॉल हॉल ऑफ फेम' असं नाव ऐकल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, तसं इथे काही नाही. बास्केटबॉलचा घुमट बघून आलेल्याचा तर विरसच होईल. गिरणीची जुनी इमारत, त्याच छताखाली लहान मुलांचं संग्रहालय, शेजारी जुनं लाकडी घोड्यांचं मेरी-गो-राउंड. आत खेळाडूंचे फोटो बघत हिंडताना पलीकडून सतत पोरांचा कालवा ऐकू येत होता. मला ते शोभून दिसलं. 1985 मध्ये इथे पहिला सन्मान दिला गेला तो अर्थातच मॉर्गन यांना. तेव्हा त्यांना जाऊन चार दशकं उलटली होती.

मॉर्गननी खेळाला नाव दिलं होतं मिंटोनेट. नियम जमवले इकडून तिकडून. जाळी टेनिसची, पण जमिनीपासून साडेसहा फूट उंच, म्हणजे सर्वसाधारण माणसाच्या डोक्याच्या जरा वर. डाव बेसबॉलसारखे, नऊ. मैदान 50 फूट लांब, 25 फूट रुंद. एका बाजूला कितीही माणसं चालत, आणि चेंडू कितीही वेळा मारावा, पलीकडे जाण्याशी मतलब. 1896 मध्ये स्प्रिंगफील्डच्या संस्थेत त्याचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा पाच-पाच जणांचे दोन संघ होते. एकाचे कप्तान होल्योकचे महापौर आणि दुसऱ्याचे तिथल्या अग्निशामक दलाचे प्रमुख! खेळ बघून आल्फ्रेड हॉल्स्टेड नावाचे एक प्राध्यापक म्हणाले, इथे सगळा वेळ चेंडू जमिनीला न टेकता हवेतल्या हवेत मारला जातोय, तर नाव 'व्हॉली बॉल' ठेवा. मॉर्गननी लगेच मान्य केलं. ही दोन अक्षरगटांतली फट पुढे 1952 पर्यंत राहिली, मग एकच शब्द झाला.

मला हसू आलं ते सर्व्हिसच्या नियमाला. पहिली सर्व्हिस जाळीला लागली तर मॉर्गनच्या नियमात आणखी एक संधी मिळायची, टेनिससारखी. आमच्या वेळी असले लाड नव्हते. चेंडू नेटला नुसता घासला तरी शिट्टी, आणि सर्व्हिस समोरच्याकडे. एका सामन्यात 14-13 वर माझी सर्व्हिस अशीच जाळीला चाटून गेली होती. चेंडू पलीकडेच पडला होता, तरी काय उपयोग. पुढे तो सामना आम्ही हरलो. संघातल्या कुणी मला ते विसरू दिलं नाही.

होल्योकहून हा खेळ वायएमसीएच्या लोकांबरोबर जगभर गेला, आणि ज्याने त्याने त्यात आपली भर घातली. सगळ्यांत मोठी भर फिलिपिन्सची. 1916 च्या सुमारास तिथल्या खेळाडूंनी चेंडू आधी उंच जुळवून द्यायचा आणि मग दुसऱ्याने उडी मारून तो खाली ठोकायचा, ही जोडी बसवली. म्हणजे बूस्टर आणि स्मॅशर हे नातं तिथलं. मॉर्गनच्या गृहस्थांचा खेळ तिथेच संपला म्हणायचा. मग त्या माऱ्याला वेसण म्हणून नियम आले: 1918 मध्ये एका बाजूला सहा खेळाडू, 1920 मध्ये जास्तीत जास्त तीन स्पर्श. 1947 मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय महासंघ झाला, 1949 मध्ये प्रागला पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा, आणि 1964 मध्ये टोकियोला ऑलिंपिक. तिथे सुवर्णपदक जिंकलेल्या जपानी संघातल्या बहुतेक मुली एकाच कापडगिरणीच्या संघातल्या होत्या. पडता पडता चेंडू उचलून, तशीच कोलांटी घेऊन उभं राहायचं त्यांचं तंत्र सगळं जग शिकलं. होल्योकच्या थंड गिरण्यांमधून परत स्टेशनकडे उतरताना मला त्या मुली आठवत होत्या.

संध्याकाळी भाचीने मला तिच्या जिममध्ये नेलं. आठवड्यातून एकदा तिथे कुणीही यावं आणि खेळावं असं असतं. मी बघायला म्हणून गेलो, पण एक जण कमी पडत होता. "मामा, बूट आहेतच पायात," ती म्हणाली.

आधी जाळी बांधायला मदत केली. पुरुषांची उंची 2.43 मीटर, बायकांची 2.24. मॉर्गनच्या जाळीपेक्षा पुरुषांची जाळी जवळजवळ दीड फूट वर गेलीय, तेव्हा खाली उभं राहून मान वर करावी लागते. भाचीने मध्यभागी मापाची काठी लावली; मधे जाळी झोळ खाते, म्हणून उंची मधेच मोजतात. मग बाजूच्या रेषांच्या बरोबर वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन अँटेना अडकवल्या. त्या जाळीच्या वर 80 सेंटिमीटर जातात. चेंडू या दोन काठ्यांच्या मधूनच पलीकडे जायला हवा, काठीला लागला तरी बाद. चेंडूत हवा कमी होती. भाचीने पंपाची सुई जिभेवर ओली केली, व्हॉल्व्हमध्ये हलकेच फिरवत घातली, दोन-चार दट्टे दिले आणि अंगठ्याने दाबून बघितलं. सुई कोरडी घातली तर आतला रबर फाटतो, हे आम्हालाही असंच कुणीतरी शिकवलं होतं.

मैदान 18 बाय 9 मीटर, मधे जाळी, आणि जाळीपासून तीन मीटरवर हल्ल्याची रेषा. मागच्या रांगेतल्याने मारायचं तर त्या रेषेमागूनच उडी घ्यायची. इथवर मला सगळं ठाऊक होतं. सर्व्हिस आपल्याकडे आली की घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकेक जागा सरकायचं, हेही. पण पहिल्याच रॅलीत, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू बाद होईपर्यंतच्या पहिल्याच खेळीत, गडबड झाली. समोरच्यांची सर्व्हिस होती, त्यांनीच चेंडू बाहेर मारला आणि मी निवांत चेंडू आणायला निघालो. मागून सगळे ओरडले, "पॉइंट आपला!" आमच्या वेळी सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळे, नाहीतर नुसती सर्व्हिस फिरायची, आणि 15 गुणांचा सेट तासभर हलायचा नाही. कधी संपेल याचा भरवसा नसलेला सामना टीव्हीवाल्यांना कसा परवडणार? 1998 मध्ये ते बदललं. आता प्रत्येक रॅलीला गुण, सेट 25 चा, दोनची आघाडी हवीच, आणि पाचवा सेट लागला तर तेवढा 15 चा.

पुढची चूक पायाची. चेंडू खाली चालला होता, मी सवयीने हात घालायला वाकलो, तर शेजारच्या मुलाने सरळ पायाने उडवला आणि खेळ सुरूच राहिला. आता अंगाच्या कुठल्याही भागाने चालतं. ब्लॉकला, म्हणजे मारा अडवायला जाळीपाशी वर केलेल्या हातांना, लागलेला चेंडू तीन स्पर्शांत धरत नाहीत, हे मात्र मला आठवत होतं आणि त्याचा मी जरा जास्तच मोठ्याने उच्चार केला. वेगळ्या रंगाची जर्सी घातलेली एक ठेंगणी मुलगी सारखी मागच्या रांगेत आत-बाहेर करत होती. ती लिबेरो. हीही 1998 चीच सोय: तिने फक्त बचाव करायचा, सर्व्हिस रोखायची, ब्लॉक नाही आणि जाळीच्या वरून मारा नाही. अशी जागा आमच्या काळात असती तर माझ्या उंचीला कुणी हसलं नसतं.

22-22 वर फिरत फिरत सर्व्हिस माझ्याकडे आली. शिट्टीनंतर आठ सेकंदांत मारायची असते. मी रेषेमागे उभा राहिलो, चेंडू दोनदा आपटला आणि मारला. हात नीट बसला नाही. चेंडू खाली राहिला, जाळीच्या वरच्या पट्ट्याला घासला, तिथेच क्षणभर घुटमळला आणि पलीकडे तीन मीटरच्या आत टपकन पडला. माझा हात आपोआप माफीसाठी वर गेला. मी रेषेकडे पाठ करून आत निघालोसुद्धा.

"मामा, कुठे चाललात?" भाची हसत चेंडू माझ्याकडे घरंगळवत म्हणाली. "23-22. तुमचीच सर्व्हिस आहे."