हेम्मडग्याच्या रानातलं नाण्याचं झाड

रविवार, रात्री

पाय लै दुखतायत पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. भाची बीएस्सीला बॉटनी करतेय, तिला प्रोजेक्टसाठी सह्याद्रीतलंच अस्सल झाड पाहिजे होतं, म्हणून सकाळी खानापूरला स्टँडसमोर पुरीभाजी खाऊन दोघं गाडीवरून हेम्मडग्याकडं. परमिशन आधीच काढली होती, सोबत गावातले एक मामा. हे गाव बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्यात. अभयारण्य 2011 ला झालं, पण अजूनही लोकांना भीमगड म्हटलं की बारापेडे गुहेतली वटवाघळं तेवढी आठवतात, झाडाचं कुणी विचारत नाही. निदान मला तरी कुणी विचारलेलं आठवत नाही.

ऐनाचं झाड लगेच कळलं, काळी भेगाळलेली साल, मगरीच्या पाठीसारखी. किंजळ, जांभा, कुंभा ही झाडं मामा चालता चालताच सांगत गेले, भाची पळत पळत लिहून घेतेय. मग ओढ्याच्या जरा वर चढलो आणि एक सरळसोट उंच झाड, बुंधा पांढरट, मधेच बदामी, हात फिरवला तर एकदम गुळगुळीत आणि जागोजागी पातळ पापुद्रे सुटलेले. पापुद्रा पडला तिथं उथळ खळगा. भाचीनं लगेच मोबाईल काढला, फोटो मारून झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपात टाकला, उत्तर आलं अर्जुन. आता अर्जुनाची सालही अशीच फिकट असते आणि सुटते, त्यामुळं अ‍ॅपाला बोल लावण्यात अर्थ नाही, पण मामा हसले, "अर्जुन कुठला पोरी, नाना हाय ह्यो. खाली बघ की." नाना म्हणजे नाणाच, झाडाचं नाव.

खाली म्हणजे पाचोळ्यात. वाकून शोधलं तर बोटाच्या पेरापेक्षाही लहान, कडक तपकिरी बोंडं, तोंडाशी उकलून चार फाका झालेली. एक तळहातावर आपटलं तर आतून चपटी, पंख असलेली बी पडली. अर्जुनाच्या फळाला बाहेरून पाच धारा असतात, इथं तसं काहीच नाही. बुडाशी एक फुटवा होता, त्याची पानं उलटी करून बघितली. अर्जुनाच्या पानाला देठाजवळ दोन बारीक गाठी असतात, त्या नाहीत, आणि मागची बाजू फिकट. एवढं सगळं जुळल्यावर भाचीनं वहीत नाण्याचं शास्त्रीय नाव लिहिलं, लॅजरस्ट्रोमिया मायक्रोकार्पा. म्हणजे महाराष्ट्राचं राज्यफूल असलेल्या तामणाचा सख्खा भाऊबंद, फक्त ह्याची फुलं पांढरी आणि बारीक.

मला गंमत ह्याची वाटली की मामांनी वर शेंड्याकडं एकदाही बघितलं नाही. साल बघितली, पाचोळा बघितला, झालं. त्यांच्या जुन्या घराच्या तुळया नाण्याच्या लाकडाच्या, म्हणाले, वाळवी लागली नाही अजून. लागत नाही म्हणजे नाहीच असं काय नसतं म्हणा, पण त्यांच्या घरातली गोष्ट, आपण कशाला वाद घाला. आता अभयारण्यात काडीला पण हात लावायचा नाही, बोंडं सुद्धा भाचीनं फोटो काढून तिथंच ठेवली.

उन्हाळ्यात फुलतो म्हणे, एप्रिलपासून पुढं. भाचीनं येताना गाडीवर बसूनच तारीख धरली. मी म्हटलं आधी सेमिस्टरची परीक्षा दे, मग बघू.