अप्पांच्या होडीतली बॅटरी

आमच्या दुकानात, व्हाइसच्या बाजूला खिळ्याला एक विळा टांगलेला आहे. पात्याच्या मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढा खड्डा पडलाय आणि त्याच्या कडेला शिशाचा करडा थेंब चिकटून बसलाय. मोटार रिवाइंडिंगला घेऊन येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय झालं? आज सगळंच लिहून काढते, कारण आमच्या काठावर आता बऱ्याच जणांकडे फायबरच्या होड्या आल्यात आणि बॅटरी सगळ्यांची नुसती ठेवलेली असते.

आमचं गाव चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठी. दूधगंगा कृष्णेला मिळते तिथून फार लांब नाही. मळीतलं अर्धं रान पलीकडच्या काठाला आहे. पावसाळ्यात कल्लोळ-यडूरचा पूल पाण्याखाली गेला की पलीकडे जायला लांबचा वळसा. माझ्या लहानपणी पूर आला की गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडायचे आणि माणसं तिच्यात बसून रानातल्या वस्तीवर जायची. २०१९ च्या महापुरानंतर अप्पांनी बारा फुटी फायबरची होडी घेतली. पुराच्या ओढीत ती घालायची नाही हे घरात ठरलेलं आहे. दिवाळीपासून जूनपर्यंत नदी बंधाऱ्यांमुळे तळ्यासारखी पडून असते, तेव्हा वैरण आणायला, जॅकवेलच्या, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवरच्या, मोटारी बघायला ती लागते. वल्ही मारून अप्पांचे खांदे धरायला लागले म्हणून १२ व्होल्टची बॅटरीवर चालणारी छोटी मोटार मागच्या फळीला बसवली. पूर्ण वेगात ती ५० अँपिअरच्या आसपास ओढते.

बॅटरी मात्र घरातल्या इन्व्हर्टरचीच. उंच ट्यूब्युलर. फळांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवली आणि वरून कासऱ्याने बांधली. त्या दिवशी मी होते की घरी, मीच वायर जोडून दिली. डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा, रोज दुकानात मोटारी उघडते, आणि तरी त्या क्रेटकडे मी बघितलं नाही. वजनदार आहे, जागची हलणार नाही, असंच मला वाटलं.

गेल्या फेब्रुवारीत अप्पा आणि धाकटा भाऊ वैरणीचे भारे घेऊन परत येत होते. पाणी उतरलेलं, आणि काठाजवळ एका जुन्या सक्शन पाइपचा खुंट पाण्याच्या जरा खाली उभा होता. होडी त्याच्यावर चढली आणि जागच्या जागी थांबली. बॅटरी थांबली नाही. क्रेट पुढे घसरला, कासरा ढिला पडला, उंच बॅटरी आडवी झाली. भाऱ्यावर खोचलेला विळा सुटून नेमका दोन्ही टर्मिनलांवर पडला. भाऊ सांगतो, वेल्डिंगसारखा उजेड झाला आणि विळा चिकटून बसला. त्याने वल्ह्याने तो उडवला. तोवर झाकणांतून ॲसिड तळात सांडलं होतं. अप्पांच्या धोतराला दुसऱ्या दिवशी भोकं पडली. पायाला लागलेलं त्यांनी लगेच नदीत धुतलं म्हणून निभावलं. वाळली वैरण पेटली असती तर नदीच्या मधोमध ते दोघं काय करणार होते, हा विचार अजून रात्री येतो.

मग मी वाचायला बसले. अमेरिकेत होड्यांसाठी सरकारी नियम आहे. बॅटरीला ९० पौंडांची, म्हणजे जवळपास ४१ किलोची ओढ द्यायची, किंवा तिच्या वजनाच्या दुप्पट. दोन्हींत जी कमी असेल ती. वर, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक बाजूला एक एक मिनिट. एवढ्यात ती एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. तिथे हा नियम पेट्रोल इंजिन आत बसवलेल्या होड्यांना लागू आहे, आमच्यासारख्या होडीला नाही. पण बॅटरी सुटली तर ती कुठल्या होडीत आहे हे बघून थांबत नाही, म्हणून मी तोच आकडा धरला.

अप्पा म्हणाले, “बाजूला सरकती हे खरं. पण वर कोण उचलायला येतंय तिला?” मी त्यांना म्हटलं, अप्पा, होडी खुंटावर चढली तेव्हा नाळ, तिचं पुढचं टोक, वर उचलून परत आपटलीच की. कलंडली तर बॅटरीला वर आणि खाली सारखंच. ती होडीचाच एक भाग होऊन बसली पाहिजे.

पहिल्यांदा बॅटरी बदलली. उंच ट्यूब्युलर होडीत नकोच, तिचा भार वर असतो. यूपीएसला असते तसली बुटकी सीलबंद एसएमएफ घेतली, १०० एएचची, ३० किलोच्या आसपास. सीलबंद म्हणजे आत ॲसिड नाही असं नव्हे आणि वायू सुटतच नाही असंही नव्हे. जास्त चार्ज झाली तर तिच्या व्हॉल्व्हमधूनही हायड्रोजन बाहेर येतो, आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. म्हणून तिला बंद पेटीत कोंडलं नाही, आणि चार्जिंग गोठ्याबाहेर उघड्यावर. जागाही बदलली. मागे मोटार आणि मोटारीजवळ माणूस, त्यातच बॅटरी ठेवली की नाळ आभाळाकडे. ती मधल्या फळीच्या पुढे, अगदी तळाला, मध्यरेषेवर घेतली.

भाऊ ड्रिल घेऊनच आला होता. “आक्का, तळात चार स्क्रू मारू की, कशाला एवढा घोळ?” आमच्या होडीचा तळ जेमतेम ५ मिलिमीटर. तेवढ्यात स्क्रूचे आटे किती धरणार? मोटारीच्या थरथरीने भोक मोठं होतं, काचेच्या धाग्यांतून पाणी आत झिरपतं, आणि भोक पाण्याच्या रेषेखाली. तळाला छेद द्यायचा नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी अडून बसले.

मग १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय कापला, बॅटरीपेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठा. पट्टा अडकवायच्या स्टीलच्या दोन कड्या त्याच्यावर आरपार बोल्टने बसवल्या. बोल्टचं डोकं खालच्या बाजूला खोबणीत बुडवून, मोठा वॉशर घालून, नट वर. हे प्लाय चिकटवायच्या आधीच करायचं, नंतर खाली हात जात नाही. बॅटरीभोवती सागवानी पट्ट्यांची चौकट मारली, दीड इंच उंच, दोन कोपरे उघडे ठेवून, म्हणजे आत पाणी साचत नाही. सगळ्या लाकडाला, विशेषतः कापलेल्या कडांना, आधी रेझिन पाजून घेतलं.

खरं काम तळाचं. जुन्या फायबरवर नवं रेझिन रासायनिक एकजीव होत नाही, ते खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतं. त्यामुळे पहिल्यांदा ॲसिटोनने पुसून मेण आणि तेलकटपणा काढला. आधीच घासलं असतं तर तेच मेण खरवड्यात भरलं असतं. मग ४० नंबरच्या पेपरने चमक पूर्ण जाऊन पांढुरकं, निस्तेज दिसेपर्यंत घासलं. मास्क लावूनच, ती धूळ घशात चावते. परत पुसलं. प्लायखाली रेझिनमध्ये चुरलेलं मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, कालवून त्याची गादी केली, म्हणजे पोकळी राहत नाही. कडेला गोलाई दिली, कारण मॅट काटकोनात वळत नाही, खाली हवा धरतं. त्यावर ४५० ग्रॅमच्या मॅटच्या तीन पट्ट्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, तळावर आठ सेंटिमीटरपर्यंत उतरवलेल्या. हार्डनर किलोला १५ ग्रॅम. एप्रिलची दुपार असती तर डब्यातच दगड झाला असता, म्हणून पहाटे सहाला सुरुवात केली. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा घालाच. आणि रेझिन लवकर धरावं म्हणून घालायचा कोबाल्ट वेगळा मिळाला असेल तर तो आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग दुसरा.

पट्ट्याची गोष्ट मला नंतर कळली. नायलॉनला ॲसिड खातं. ट्रकवर माल आवळायचा पट्टा पॉलिएस्टरचा असतो, तो ॲसिडला बराच टिकतो. तोच दोन इंची घेतला. बॅटरीखाली जुन्या ट्यूबचं रबर. प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा फ्यूज, तिथून १६ चौरस एमएमची केबल, दर दीड फुटावर क्लिप मारलेली. दोन्ही टर्मिनलांवर रबरी टोप्या. विळा आता मागच्या खणात, गोणपाटात गुंडाळून.

तिसऱ्या दिवशी करडं तोलायचा ताणकाटा आणला. होडी वाळूत टेकवली, खाली दगड लावले. बॅटरीभोवती दोर घेऊन काटा अडकवला आणि भावाने ४१ वर आणून धरला. मी मोबाइलवर मिनिट मोजत होते. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना: पेन्सिलची खूण जागची हलली नाही. वर ओढताना पट्टा ताणून बॅटरी बोटाच्या पेरापेक्षा कमी उचलली. पट्टा आणखी दोन दात आवळला, परत ओढलं, आणि मग ती उठलीच नाही. अप्पांनी काटा स्वतःच्या हातात घेतला आणि पाचही बाजूंनी पुन्हा ओढून बघितलं. काही बोलले नाहीत.

आता जूनमध्ये राजापूर बंधाऱ्यातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की पट्टा सोडून बॅटरी घरी आणतो, होडी पालथी घालतो. पट्टा सोडताना मी शिवण बोटाने चाचपते आणि कडेला बॅटरीची धूळ बसली असेल तर सोड्याच्या पाण्याने धुते. यंदा एका कडीजवळ धागे जरा फुलल्यासारखे दिसले. कडीची कड धारदार राहिली होती. ती कानशीने घासली आणि नवा पट्टा आणून ठेवलाय.