तुम्ही विचारलंत म्हणून : तुमच्यात मूर्ती चालते की नाही?

हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतं, पण भाद्रपदात जास्त. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत गणपतीची वर्गणी गोळा होत असते आणि तिकडे वसईहून माझी आई बांद्र्याला मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेला निघालेली असते. गेल्या वर्षी समोरच्या काकूंनी दारातच गाठलं. "तुमच्यात मूर्तिपूजा नसते ना गं? मग आई त्या मोत माउलीला मेणबत्त्या घेऊन जाते ते काय? आणि तुझ्या सासूबाई तर आमच्या आरतीचं ताटसुद्धा हातात धरत नाहीत."

काकू, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "तुमच्यात" म्हणजे नक्की कुणात, इथूनच सुरुवात करावी लागेल. मी वसईची कॅथलिक, नवरा नगरचा प्रोटेस्टंट. आमच्या घरात या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही एकाच टेबलावर जेवतात.

मुलगी तिसरीत असताना चर्चच्या रविवारच्या वर्गातून घरचा अभ्यास आला : सहावी आज्ञा पाठ करून या. मी म्हटलं, व्यभिचार करू नको. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, खून करू नको. मुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "मग पाचवी कुठली, ते तरी ठरवा."

मोशेला (मोझेसला) देवाकडून मिळालेल्या आज्ञा दहाच, पण शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्यांच्यापुढे आकडे घातलेले नाहीत. ते नंतरच्यांनी घातले. आम्ही कॅथलिक "मला सोडून दुसरे देव नकोत" आणि "कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको" ही दोन्ही वाक्यं मिळून पहिली आज्ञा धरतो. मग दहाचा आकडा भरावा म्हणून शेवटच्या 'हाव धरू नको' या आज्ञेचे दोन भाग करतो, शेजाऱ्याची बायको वेगळी आणि मालमत्ता वेगळी. नगरकडे कोरीव मूर्तीची आज्ञा स्वतंत्र, दुसऱ्या क्रमांकाची. त्यामुळे पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात. सासरी यावरून मला एक टोमणा कायम बसतो, की पाठांतराची छोटी यादी करताना तुमच्या लोकांनी मूर्तीचं वाक्य हळूच गाळलं. टोमणा अगदीच खोटा नाही, छोट्या यादीत ते वाक्य बहुधा नसतंच. मी उलट सांगते की मूर्ती ठेवणाऱ्या ल्यूथरन मंडळींची मोजणीही आमच्यासारखीच आहे. आणि गंमत म्हणजे ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या चर्चचे, लोक मोजतात सासरच्यांसारखं, पण चर्चमध्ये शिरल्याबरोबर चित्राचं चुंबन घेतात. तेव्हा आकड्यांनी भांडण सुटत नाही.

ते सुटत नाही याचं खरं कारण शब्दांत आहे, असं माझं मत. आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी पवित्र चित्रांवर बंदी आणली. ७५४ साली एक परिषद भरवून चित्रं म्हणजे मूर्तिपूजाच असं ठरवून घेतलं. त्या परिषदेच्या आधीच चित्रांच्या बाजूने सगळ्यात ठणठणीत लिहिलं होतं ते दमास्कसच्या योहानाने, आणि तो राहत होता खलिफाच्या राज्यात, जिथे ख्रिस्ती सम्राटाचा हात पोचत नव्हता. त्याचं म्हणणं असं, की मी पदार्थाची आराधना करत नाही, पण ज्याने पदार्थ निर्मिला तोच माझ्यासाठी देह धरून आला, तर मग त्या देहाचं चित्र काढायला का नको? ७८७ साली निकियाच्या परिषदेत त्याची बाजू ठरावात आली. ठरावाचा कणा दोन ग्रीक शब्दांवर होता. 'लात्रिया' म्हणजे आराधना, ती फक्त देवाची. 'प्रोस्किनेसिस' म्हणजे वाकणं, वंदन, ते चित्राला चालेल, कारण चित्राला दिलेला मान चित्रातल्या व्यक्तीला पोचतो.

आता हा ठराव लॅटिनमध्ये जाऊन पश्चिमेकडे फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारात पोचला. भाषांतर इतकं वाईट, की सायप्रसच्या एका बिशपच्या तोंडी नेमकं उलटं वाक्य पडलं. तो म्हणाला होता, चित्रांना मान देतो, आराधना मात्र त्रैक्याचीच, म्हणजे पिता, पुत्र नि पवित्र आत्मा अशा एकाच देवाची. लॅटिनमध्ये झालं, त्रैक्याइतकीच आराधना चित्रांची करतो. शार्लमेनचे पंडित खवळले, एक जाडजूड खंडन लिहून काढलं आणि ७९४ साली फ्रँकफर्टला ठरावाचा निषेधही झाला. मी कचेरीत भाषांतराचंच काम करते, त्यामुळे या प्रसंगाची मला जरा जास्तच मजा वाटते. वाकणं आणि भजणं यांना एकच शब्द पडला, आणि अर्धा युरोप भांडायला उठला.

मराठीत तर याहून पंचाईत. आपण पाय लागला तर पुस्तकाच्या पाया पडतो, दसऱ्याला स्कूटरची पूजा करतो, बारावीच्या परीक्षेला निघताना आजीला वाकून जातो. मी काकूंना दमास्कसच्या योहानासारखं गंभीरपणे सांगितलं, "आम्ही मूर्तीची पूजा करत नाही हो, मान देतो, तो मूर्तीपलीकडे जातो." काकू म्हणाल्या, "मग आम्ही काय शाडूला देव म्हणतो? प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती, विसर्जनानंतर परत माती. मधले दहा दिवस कोण येऊन बसतो ते आम्हाला ठाऊक आहे."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. आणि तेव्हाच मला १५६६ आणि १५६७ ही दोन सालं शेजारी-शेजारी दिसली.

१५६६ च्या ऑगस्टमध्ये आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पच्या मोठ्या चर्चमध्ये घुसून प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांनी मारियेच्या, संतांच्या मूर्ती फोडल्या, चित्रं फाडली. फ्लँडर्समध्ये सुरू झालेली ती लाट काही आठवड्यांत उत्तरेकडे पसरत गेली. कॅथलिकांचा आक्रोश असा, की अरे, आम्ही लाकडाला देव मानत नाही, आमचं म्हणणं तरी ऐका. तीनच वर्षांपूर्वी कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने तेच लिहून दिलं होतं : मूर्तीत देवत्व नाही, मान मूळ व्यक्तीला. आणि १५६७ साली त्याच कॅथलिक चर्चचे लोक पोर्तुगीज कप्तानाला बरोबर घेऊन गोव्याच्या साष्टीत देवळं पाडत होते. कुशस्थळीचा मंगेश त्याच्या आधीच, १५६० च्या सुमारास, खाडीपलीकडे प्रियोळला हलला होता. साष्टीतल्या एखाद्या गावकाराने पाद्रीबाबाला सांगितलं असतं, की बाबा, आम्हीही दगडाला देव मानत नाही, तर त्याचं कोण ऐकत होतं? आपल्या मूर्तीबद्दल आपला खुलासा ऐकून घ्यावा, आणि दुसऱ्याच्या मूर्तीबद्दल मात्र नुसता डोळ्यांनी निकाल द्यावा, असा हा न्याय. मी कॅथलिक आहे म्हणूनच हे जरा जोरात म्हणते.

फोडणाऱ्यांतही सगळे सारखे नव्हते. १५२२ साली विटेनबर्गला मूर्ती हटवायची घाई सुटली तेव्हा प्रोटेस्टंट सुधारणेचा आरंभ करणारा, लपून राहिलेला ल्यूथर परत आला आणि आठवडाभर रोज प्रवचनं देऊन त्याने लोकांना थोपवलं. लोक सूर्य-चंद्रालाही भजतात, म्हणून काय ते आभाळातून ओढून काढायचे, असं त्याने विचारलं. मला हा ल्यूथर आवडतो. (नवऱ्याला आवडत नाही, त्याला झ्युरिकचा सुधारक झ्विंगली जवळचा. झ्युरिकमध्ये १५२४ साली चर्चची दारं लावून, कारागीर नेमून मूर्ती उतरवल्या आणि भिंतींना चुना दिला. त्या पांढऱ्या भिंती झ्विंगलीला फार सुंदर वाटायच्या. नवऱ्याच्या गावच्या चर्चमध्ये बसलं की तेही पटतं. चुन्याची भिंत, साधा क्रूस, खिडकीतून येणारं ऊन, आणि बाजाच्या पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पद.)

पण सासूबाईंच्या विरोधाचा उगम झ्युरिकमध्ये नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, आणि पुढे त्या भागात जे ख्रिस्ती झाले त्यांतले बहुतेक महार-मांग समाजातले. लग्नानंतर मी माझी छोटी मारियेची मूर्ती कपाटावर ठेवली, तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. महिन्याभराने भाजी निवडताना म्हणाल्या, "माझ्या आजोबांना गावच्या देवळाच्या पायरीशीही उभं राहू देत नव्हते. ज्या देवाला बघायला दुसऱ्याची परवानगी लागते, तो देव नको म्हणून ते बाहेर पडले. न दिसणारा देव सगळ्यांना सारखाच दिसत नाही, बघ." योहानाचा, निकियाचा, ट्रेंटचा एकही मुद्दा या वाक्याला लागू पडत नाही. आमच्या वसईत पोर्तुगीज आले, जुन्या देवळांच्या जागी चर्चं उभी राहिली, एक आकार गेला नि दुसरा आला. नगरच्या माणसाला मूर्तीशिवाय देव मिळणं हीच सुटका होती. मी मूर्ती कपाटावरून काढून आमच्या खोलीत नेली. सासूबाईंनी काढायला सांगितली नव्हती, हे मुद्दाम सांगते.

माझ्या बाजूच्या चुकाही सांगते. मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मिळतात. गुडघा दुखतो तर मेणाचा पाय, फ्लॅट हवा तर मेणाचं घर. आई दरवर्षी एक घर वाहायची, माझ्या भावाला विरारला घर मिळेपर्यंत. नवऱ्याने विचारलं, "हा मान मूळ व्यक्तीला पोचतो की म्हाडाला?" लग्न जुळत नाही म्हणून संत अंतोनीला उलटं टांगणारी मावशीही आमच्याच घराण्यात आहे. शास्त्रात याची एक गोष्ट आहे आणि दोन्ही बाजूंना ती बोचते. रानात साप चावून माणसं मरत होती तेव्हा खुद्द देवाच्या सांगण्यावरून मोशेने पितळी सर्प करून काठीवर लावला, आणि त्याच्याकडे बघणारे वाचले. म्हणजे मूर्ती देवानेच करवली. पुढे कित्येक शतकं लोक त्या सर्पापुढे धूप जाळत राहिले, आणि शेवटी हिज्कीया राजाने तो फोडून टाकला.

पण मूर्तीबद्दल मला जे कळलं ते आईकडूनच. आमच्या घरच्या आल्तारावरचा, म्हणजे देव्हाऱ्यातला, प्लास्टरचा अंतोनी एकदा पडला आणि त्याचे तीन तुकडे झाले. एकदा फेविकॉलने जोडला होता, या वेळी डोकंच गेलं. नवरा तेव्हा नवा जावई, मदतीच्या हेतूने म्हणाला, "आई, मूर्ती म्हणजे देव नाही ना, मग द्या, खाली जाताना कचऱ्यात टाकतो." आईने तुकडे जुन्या मलमलीत बांधले, मागे वाडीत केळीच्या बुंध्याशी हातभर खड्डा खणला आणि पुरले. वर माती लोटून, हात झटकून त्याला विचारलं, "तुझ्या बाबांचा फोटो फाटला तर टाकशील कचऱ्यात?" तो गप्प. नगरला सासऱ्यांच्या फोटोला हार नसतो, उदबत्ती नसते, पण काच रोज सकाळी पुसली जाते. ती कोण पुसतं, हे त्याला ठाऊक होतं.

राहिला प्रसाद. तोही तुम्ही विचारता. माझी आई मोदक सरळ खाते, देवाचं अन्न देवाचंच म्हणते. सासूबाई खात नाहीत, कारण करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलं आहे, की हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. काकूंना हे एकदाच कळलं, आणि तेव्हापासून गणेश चतुर्थीला आमच्याकडे दोन डबे येतात : स्टीलचा नैवेद्याचा आणि निळ्या झाकणाचा, नैवेद्याच्या आधी बाजूला काढलेला. गेल्या वर्षी काकूंच्या नातवाने डबे आणले तेव्हा झाकणं अदलाबदल झालेली होती. मी फोन उचलला. सासूबाईंनी हाताने थांबवलं.

"विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं तर खाऊ नका, असं लिहिलंय. न विचारता पुढे आलं तर खा, हेही तिथेच आहे."

आणि जवळचा डबा उघडून दोन मोदक वाटीत घेतले, वर तूप मागितलं.