आईची वारी आणि मॅपवरचा ठिपका : माझा अनुभव

आईने यंदा गावच्या दिंडीतून आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायचं ठरवलं. दादा म्हणाला जाऊ दे, मी म्हणलं जाऊ दे पण ती कुठंय ते मला दिसलं पाहिजे, कारण एकतर शुगर आहे, त्यात फोन वाजला तरी उचलायची सवय नाही, आणि ती कराडला, दादा पुण्यात, मी ठाण्यात. म्हणून कुठलं लोकेशन ट्रॅकिंग भरवशाचं ते शोधायला बसले. कुणाला आईवडिलांसाठी हेच करायचं असेल तर उपयोग होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सर्च केलं की आधी येतात त्या "फक्त मोबाईल नंबर टाका आणि लोकेशन बघा" वाल्या साइट्स. त्या सरळ सोडून द्या. सिम कुठल्या टॉवरला आहे हे मोबाईल कंपनीला कळतं आणि पोलिसांना रीतसर मागणी करून मिळतं, तुमच्याआमच्यासारख्याला नुसत्या नंबरावरून मिळत नाही. तिथं गोल फिरणारा नकाशा दाखवतात आणि शेवटी पैसे तरी मागतात नाहीतर अजून एक ॲप घ्यायला लावतात.

मग मामेभावाने एक ॲप सुचवलं, म्हणे आत्याला कळणारही नाही. प्ले स्टोअरवर नव्हतं, बाहेरून फाइल घ्यायची आणि वर फोनमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप्स पकडणारी गुगलची सोय, बंद करायचं. म्हणजे घराला कुलूप पाहिजे म्हणून आधी दारच काढून ठेवायचं! आणि चोरून कशाला बघायचं, सख्खी आई आहे. तिला सरळ विचारलं तर म्हणाली, "बघ की, पण मग तू कुठं असतेस ते मलापण दिसू दे." अट मान्य केली.

आता खरे पर्याय. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन सगळ्यांना माहितीये, पण ते १५ मिनिटं, १ तास नाहीतर ८ तास, त्यापुढे बंद, परत तिनेच चालू करायचं. पहाटे अंधारात आवरून निघणारी बाई रोज आठवणीने ते बटण दाबणार नाही. ॲपलचं फाइंड माय चांगलं आहे म्हणतात पण आमच्याकडे आयफोन कुणाकडेच नाही, विषय संपला. लाइफ३६० हे घरच्यांचं लोकेशन दाखवणारं ॲप बघितलं, फीचर्स भरपूर, पण २०२१ मध्ये द मार्कअप या अमेरिकन बातम्यांच्या साइटने बातमी दिली होती की ते लोकांचा लोकेशन डेटा, अशा माहितीचा धंदा करणाऱ्या दलालांना विकतात, नंतर कंपनीने अचूक लोकेशन विकणं बंद करतो असं जाहीर केलं, तरी माझं मन धजेना. राहिलं गुगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग. फुकट, ॲप फोनमध्ये आधीच, "बंद करेपर्यंत" असा पर्याय आहे, आणि ठिपक्याबरोबर तिच्या फोनची बॅटरी किती आहे तेपण दिसतं, जे आमच्यासाठी सगळ्यात कामाचं निघालं. गुगलला काय कळायचं ते कळतच असणार, पण ते आधीपासूनच कळतंय, निदान अजून एका कंपनीला नको.

वाटलं झालं काम. कुठलं काय! हे शेअरिंग नंबरावर नाही, जीमेल अकाउंटवर चालतं, आणि आईच्या फोनमध्ये जे अकाउंट होतं ते फोन विकत घेताना दुकानातल्या पोराने काढून दिलेलं. पासवर्ड कुणालाच माहीत नाही, रिकव्हरीला नंबर कुणाचा देव जाणे. नवीन अकाउंट काढलं, कॉन्टॅक्ट तिकडे घेतले, मग शेअरिंग. तुमच्याकडच्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये हे आधी बघा, माझ्या ओळखीत निम्म्या लोकांची हीच गत आहे.

मग ती मंडईत जाऊन भाजी घेऊन आली तरी ठिपका घरातच. इथं माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. कारणं तीन निघाली, मॅप्सला लोकेशनची परवानगी "ॲप वापरताना" एवढीच होती, ती "नेहमी" करावी लागते. दुसरं, हे स्वस्तातले फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप्स मारून टाकतात, त्यामुळे ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन निर्बंध काढायचे, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करायचं. तिसरं म्हणजे आईची सवय, दर थोड्या वेळाने सगळी ॲप्स सरकवून "साफ" करायची, तिला वाटतं त्याने फोन हलका होतो. अलीकडे उघडलेल्या ॲप्समध्ये मॅप्सला कुलपाचं चिन्ह लावता येतं, ते लावून दिलं. सर्व्हिस कुठली निवडली यापेक्षा ती फोनमध्ये जिवंत राहते का यावर सगळा भरवसा आहे, हे कुठल्याच रिव्ह्यूत धड लिहिलेलं नव्हतं. निघायच्या आधी आठवडाभर तरी रोजच्या फिरण्यात तपासून घ्या.

फोन पिशवीत टाकला आणि पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये गेली तर आपण ट्रकलाच ट्रॅक करणार, म्हणून कमरेला बांधायची पिशवी शिवून घेतली, आत प्लास्टिकचं पाऊच, पाऊस असतोच. दहा हजार एमएएचची पॉवर बँक दिली. चार्जिंगची तशी ददात पडली नाही, वाटेवर लोक घराबाहेर एक्स्टेन्शन बोर्ड लावून ठेवतात वारकऱ्यांसाठी.

पुण्यापर्यंत मस्त चाललं, मुक्कामात दादा जाऊन भेटूनही आला. मग पुणे-सासवड, दिवे घाटाचा दिवस. हडपसरला ठिपका जो थांबला तो थांबलाच. दादाचे फोनवर फोन, काय झालं काय झालं. अरे, लाखो माणसं एका रस्त्यावर, नेटवर्कच्या कांड्या फुल्ल दिसतात आणि नेट चालत नाही. जीपीएस आकाशातून मिळतं, फोनला आपली जागा कळते, पण ती आपल्यापर्यंत पोचवायला नेट लागतंच. म्हणून ठिपका बघायच्या आधी त्याच्या खालची वेळ बघायची, किती वेळापूर्वीचं आहे ते. जुना ठिपका म्हणजे आई तिथं अडकलीय असं नाही, तिथून पुढचं आपल्याला माहीत नाही एवढंच. रात्री सासवडात गर्दी पांगल्यावर ठिपका एकदम उडी मारून तिथं आला.

त्या दिवशी उपयोगी पडलं ते वेगळंच. निघतानाच मी एका कागदावर दिंडीचा नंबर, दिंडी पालखीच्या रथाच्या पुढे की मागे, दिंडीप्रमुखांचा आणि ट्रक ड्रायव्हरचा फोन, आईच्या गोळ्यांची नावं असं लिहून लॅमिनेट करून तिच्या गळ्यात अडकवलं होतं, आणि तेच नंबर आमच्याकडेही. ड्रायव्हरदादांनी दुपारीच सांगितलं की आपल्या दिंडीतल्या बायका सगळ्या बरोबर आहेत, टाळ ऐकू येतायत बघा.

पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, रोज संध्याकाळी मुक्कामाच्या गावात ठिपका दिसायचा, अधेमधे गायब, पण घाबरायला झालं नाही. एकदा दुपारी तिचाच फोन, "अगं तू मुलुंडला काय करतेयस, आज ऑफिस नाही का?"

पंढरपूरहून आल्यावर म्हणलं बंद करायचं का, तर म्हणाली राहू दे. आता वहिनीला भाचीसाठी असंच पाहिजे. मुलांसाठी गुगलचं फॅमिली लिंक आहे, पण त्यात लोकेशनच्या जोडीला स्क्रीन टाइम, ॲप्सची परवानगी असं बरंच येतं, आणि भाची आठवीत आहे. वहिनीला म्हणलं आधी तिला विचार, मग मी सेटिंग करून देते.